चित्र लख्ख, वाट अंधुक

आमीर खान यांनी 'सितारे जमीन पर' हा आपला चित्रपट जून २०२५ मध्ये चित्रगृहांत आणला. तेथील मुक्काम आटोपत आल्यावर तो वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्याही ओटीटी कंपनीला न विकता त्यांनी १ ऑगस्टपासून यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने उपलब्ध करून दिला. ज्याला पाहायचा असेल त्याने शंभर रुपये मोजावेत, पाहावा आणि मोकळे व्हावे, असा हा रोखठोक व्यवहार होता. या निर्णयाचे वर्णन त्या वेळी धाडस म्हणून झाले आणि ते गैर नव्हते. परंतु ज्याच्या नावावर शंभराची नोट सहज खिशाबाहेर येते त्याचे धाडस निराळे आणि ज्याचे नाव स्वतःच्या तालुक्याबाहेर कोणी ऐकलेले नाही त्याचे निराळे. निर्मात्याने चित्रपट थेट प्रेक्षकापुढे ठेवावा, प्रेक्षकाने पैसे थेट निर्मात्याला द्यावेत, मध्ये अडत्या नसावा, ही वाट स्वतंत्र चित्रपटकार गेली दहा-पंधरा वर्षे जगभर चाचपडत शोधत आले आहेत. त्या शोधाचा इतिहास फारसा सुखावह नाही. तो ध्यानात घेतल्यावाचून मात्र महाराष्ट्रात या बाबतीत काय करता येण्याजोगे आहे, याचा नीट विचार होणार नाही.

या इतिहासाचा आरंभ वितरणात नव्हे, कॅमेऱ्यात आहे. चष्म्यांच्या धंद्यात गडगंज झालेल्या जिम जनार्ड या अमेरिकन गृहस्थांच्या रेड या कंपनीने २००७ च्या ऑगस्टअखेर 'रेड वन' हा कॅमेरा ग्राहकांच्या हाती दिला. नुसत्या कॅमेऱ्याची किंमत साडेसतरा हजार डॉलर होती. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही रक्कम मोठीच. पण ३५ मिलिमीटर फिल्मशी बरोबरी सांगणारा कॅमेरा आपल्या मालकीचा असू शकतो, ही गोष्टच छोट्या निर्मात्यांना नवी होती. फिल्मच्या प्रत्येक फुटाचे, ती धुण्याचे आणि तिच्या प्रती काढण्याचे पैसे वाचले ते वेगळेच. आज ज्याला सर्रास 'फोर-के' म्हणतात ते अतिसूक्ष्म चित्र म्हणजे घरगुती पडद्याच्या मापात आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू, एकूण सुमारे ८३ लाख. आधीच्या 'फुल एचडी' चित्रात ते २१ लाखांच्या आत होते. म्हणजे वाढ चौपट. पुढच्या दहा वर्षांत ही सूक्ष्मता खिशातल्या फोनपर्यंत उतरली. चित्र कोणी घ्यावे यावरची श्रीमंतांची मक्तेदारी अशा रीतीने मोडली. ते कोणी दाखवावे यावरची मोडली नाही.

खुद्द रेड कंपनीलाही हे कळत होते. डिसेंबर २०१२ मध्ये तिने 'रेडरे' नावाच्या एका पेटीची आगाऊ नोंदणी सुरू केली. किंमत १४५० डॉलर. तिच्या जोडीला 'ओडेमॅक्स' नावाच्या जाळ्याची योजना होती. स्वतंत्र चित्रपटकाराने आपला फोर-के चित्रपट त्या जाळ्यावर ठेवायचा, प्रेक्षकाने तो इंटरनेटवरून आपल्या पेटीत उतरवून घ्यायचा आणि मग सवडीने पडद्यावर पाहायचा. चित्राचा प्रवाह सेकंदाला वीस मेगाबिटच्या आसपास आणून ठेवण्यात रेडच्या तंत्रज्ञांना यश आले होते. या हिशेबाने दोन तासांचा चित्रपट १८ गिगाबाइटमध्ये बसतो. कल्पना उत्तम होती आणि तरीही काही वर्षांतच ती मागे पडली. त्या काळी फोर-के दूरचित्रवाणी संच म्हणजे राजेरजवाड्यांचे काम. सोनीचा ८४ इंची संच २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत पंचवीस हजार डॉलरला विकला जात होता. पेटी खपायला चित्रपट हवेत आणि चित्रपट यायला पेट्या खपलेल्या हव्यात, हा पेच छोट्या खेळाडूला सुटत नाही. तो सुटला तो ज्याच्याकडे आधीच कोट्यवधी वर्गणीदार होते त्याला. एप्रिल २०१४ मध्ये 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेचे दुसरे पर्व घेऊन नेटफ्लिक्सने फोर-के प्रक्षेपण सुरू केले. अतिसूक्ष्म चित्राचा मार्ग स्वतंत्र चित्रपटकारांसाठी आखला गेला आणि त्यावरून पहिली गाडी धावली ती बड्या कंपनीची.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. कथा सकस असेल, अभिनय खरा असेल, तर चित्र थोडे पुसट असले म्हणून काय बिघडले? स्वतंत्र चित्रपटाला या चोचल्यांची गरज काय? हा आक्षेप वरवर साधेपणाचा वाटतो, पण त्याच्या पोटी एक प्रकारचा तुच्छताभाव आहे. जणू गरिबाच्या घरच्या लग्नात वाजंत्री बेसूर असली तरी चालते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मारधाडीच्या चित्रपटातील नायकाचा चेहरा पडदा व्यापून असतो. तो कोणत्याही पडद्यावर ओळखू येतो. ज्या दिग्दर्शकापाशी तारे नाहीत, सजावट नाही, तो आपला अर्थ चौकटीच्या कानाकोपऱ्यांत पेरून ठेवतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहणाऱ्यांना हे सांगायला नको. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेल्या आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात कॅमेरा दूर, स्थिर आणि निर्विकार उभा असतो. लोकशाहिरावरील खटला पुढे चालू असतो आणि न्यायालयाची खरी कहाणी मागच्या बाकांवर ताटकळणाऱ्या, जांभया देणाऱ्या, कागद चाळणाऱ्या माणसांत घडत असते.

आता हे दृश्य फोनवरच्या ४८० ओळींच्या चित्रात पाहावे. समजा, दूरच्या एखाद्या माणसाने चौकटीच्या उंचीचा दहावा भाग व्यापला आहे. त्याच्या वाट्याला ४८ ओळी येतात आणि त्याच्या मस्तकाला जेमतेम सहा. सहा ओळींत डोळे, नाक, तोंड आणि चेहऱ्यावरचा कंटाळा मावत नाही. एक ठिपका तेवढा मावतो. तोच माणूस फोर-के चित्रात २१६ ओळींचा होतो आणि मस्तकाला सत्तावीस ओळी मिळतात. कंटाळा दिसू लागतो. दिग्दर्शकाने जे म्हटले आहे आणि प्रेक्षकाला जे ऐकू आले आहे यांत पडणारा हा फरक आहे. त्याला चोचला म्हणता येणार नाही.

अर्थात, बिंदूंची गणती हेच सर्वस्व मानणारे भक्तही कमी नाहीत आणि त्यांचीही समजूत काढणे आवश्यक आहे. फोर-के चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सहा अब्ज बिट लागतील. चित्रगृहांसाठी हॉलीवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये ठरवलेल्या मानकात ते दाबून २५० मेगाबिटपर्यंत आणण्याची मुभा आहे. घरापर्यंत येताना ते पंधरा-सोळा मेगाबिट उरते. म्हणजे मूळच्या चारशे भागांतला एक. बाकीचे काय होते? सारखेपणा हुडकून पुनरुक्ती काढून टाकली जाते, हे खरे. पण घट्ट दाबताना काळोखातील छटा, दूरच्या भिंतीचा पोत, पावसाची जाळी यांवरही कात्री चालते. दिव्याभोवतीच्या अंधारात पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसतात ते याच कात्रीमुळे. तेव्हा 'फोर-के' ही अक्षरे डब्यावर छापली म्हणून डब्यात तेच असेल असे नाही. सढळ हाताने दिलेले एचडी हे कंजुषीने दिलेल्या फोर-केपेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

ही अक्षरे मात्र दारावरचा पहारेकरी म्हणून उत्तम काम करतात. आपल्या पैशाने होणाऱ्या चित्रपटांसाठी नेटफ्लिक्सने नियम केला की चित्रपटाचा नव्वद टक्के भाग मान्यताप्राप्त फोर-के कॅमेऱ्यांनीच टिपलेला हवा. या नियमाच्या चाळणीतून अॅरी कंपनीचा तेव्हाचा अलेक्सा कॅमेराही खाली गळून पडला. २०१२ चा बाँडपट 'स्कायफॉल' त्याच जातीच्या कॅमेऱ्याने आडव्या २८८० बिंदूंत टिपलेला होता आणि त्याच्या छायाचित्रणाला नावे ठेवणारा माणूस अजून भेटायचा आहे! दुसऱ्या टोकाला प्रेक्षकाची स्थिती पाहावी. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतासाठी ठरवलेल्या दरांनुसार फोर-के चित्र फक्त महिना ६४९ रुपयांच्या वर्गणीदाराला मिळणार होते. १४९ रुपये देऊन फोनवर पाहणाऱ्याला ४८० ओळी. चित्रपटकाराने टिपताना ८३ लाख बिंदू टिपायचे आणि बहुतेकांनी पाहताना त्यांतले चार-पाच लाख पाहायचे, असा हा करार आहे.

सूक्ष्मतेचा प्रश्न येथवरच थांबला असता तर तो तंत्रज्ञांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. पण त्याच्या पाठीमागे मालकीचा आणि हिशेबाचा प्रश्न उभा आहे आणि खरे दुखणे तेथे आहे. मे २०१६ मध्ये ॲमेझॉनने 'प्राइम व्हिडिओ डायरेक्ट' ही सोय उघडली. कोणाही चित्रपटकाराने आपली कृती स्वतः चढवावी, वर्गणीदारांनी ती जितके तास पाहिली असेल तितक्या तासांचे पैसे घ्यावेत. अमेरिकेतील दर तासाला पंधरा सेंट होता. दीड तासाचा चित्रपट एका माणसाने संपूर्ण पाहिला तर साडेबावीस सेंट. फार नव्हे, पण निश्चित. छोट्या निर्मात्यांनी या दाराशी गर्दी केली. मग दर बदलले. चित्रपट किती 'गुंतवून ठेवतो' याचे गणित कंपनीने आपल्यापाशी ठेवले आणि त्या गणितानुसार सर्वांत खालचा दर तासाला एक सेंटवर आला. त्या दराने हजार माणसांनी दीड तासाचा चित्रपट शेवटपर्यंत पाहिला तर निर्मात्याच्या हाती पंधरा डॉलर पडतात. २०२१ च्या आरंभी तर या मार्गाने माहितीपट आणि लघुपट घेणेच बंद झाले. कंपनीच्या दृष्टीने यात अन्याय्य काही नव्हते. तिला फडताळ भरायचे होते तोवर दार उघडे होते. फडताळ भरले, दार लागले. अडचण इतकीच की दाराची किल्ली एकाच बाजूला होती.

व्हिमिओची कथा अधिक सभ्य, पण फारशी वेगळी नाही. मार्च २०१३ मध्ये या संस्थेने आपल्या मंचावर चित्रपट विकणाऱ्याला व्यवहारखर्च वजा जाता नव्वद टक्के रक्कम देऊ केली आणि किंमत ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच ठेवला. स्वतंत्र चित्रपटकाराला इतक्या उदार अटी क्वचितच मिळाल्या असतील. मात्र दुकान मांडून दिले तरी गिऱ्हाईक ज्याचे त्यानेच आणायचे होते. २०१७ मध्ये व्हिमिओने स्वतःची वर्गणीसेवा काढण्याचा बेत सोडून दिला आणि व्यापारी संस्थांना व्हिडिओची साधने पुरवण्याकडे तोंड वळवले. सप्टेंबर २०२५ मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने ती एक अब्ज ३८ कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार केला. तिच्या फळीवर ज्यांचे चित्रपट होते त्यांना या व्यवहारात विचारण्याचे कोणाला कारण नव्हते. चित्रपटकार आणि बड्या मंचांमध्ये दुवा बनलेल्या डिस्ट्रिबर या अमेरिकन कंपनीचा कारभार तर २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि अनेकांची येणी आत अडकली. ठोक रक्कम घ्यायची आणि पुढची कमाई पूर्ण निर्मात्याला द्यायची, या तिच्या वचनावरच लोक तिच्याकडे गेले होते.

मग स्वतंत्र चित्रपटकाराने स्वतःचेच दुकान थाटावे, असे कोणी म्हणेल. कागदावर ते सोपे आहे. प्रत्यक्षात चित्र पोहोचवण्याचा खर्च आडवा येतो. नेटफ्लिक्सने २०१२ पासून इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या आवारात स्वतःच्या साठवणीच्या पेट्या ठेवल्या आहेत. तिचा चित्रपट प्रेक्षकाच्या गावाशेजारून निघतो. छोट्या माणसाला ही सोय भाड्याने घ्यावी लागते आणि भाडे गिगाबाइटवर असते. समजा, दर गिगाबाइटला अवघा एक रुपया पडला. १८ गिगाबाइटचा फोर-के चित्रपट एकदा पोहोचवायला १८ रुपये झाले. तिकीट ७५ रुपयांचे ठेवले तर जवळजवळ पाव हिस्सा वाटखर्चातच गेला. चित्र चौपट सूक्ष्म केले म्हणून तिकीट चौपट करता येत नाही. त्यामुळे असा माणूस निमूटपणे चित्राची प्रत उतरवतो.

या वाटखर्चात आणखी भर घालण्याची मागणी भारतात पुढे आली आहे. प्रचंड प्रमाणात व्हिडिओ पाठवणाऱ्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, असे दूरसंचार कंपन्यांची संघटना सांगते. मागणी बड्यांविरुद्ध आहे असे दिसते, पण तिचा मार कोठे बसतो हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे. तेथील महागड्या जाळे-आकाराचे कारण देऊन ट्विच या प्रक्षेपण मंचाने सप्टेंबर २०२२ मध्ये कोरियन प्रेक्षकांसाठी चित्र ७२० ओळींवर आणले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातून गाशाच गुंडाळला. तो ॲमेझॉनच्या मालकीचा मंच होता. ज्याच्यापाठी असा धनी नाही, त्याला गुंडाळायला गाशाही राहायचा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगळा दर लावण्यास बंदी केली, तो निर्णय म्हणूनच मोलाचा होता. या बाबतीत तरी भारताने पुढे टाकलेले पाऊल मागे घेऊ नये.

परंतु या साऱ्या चर्चेत एक गृहीत धरलेली गोष्ट तपासायची राहून जाते. चित्रपट ज्या क्षणी पाहायचा त्याच क्षणी तो तारेतून वाहत आला पाहिजे, हा आग्रह कशासाठी? त्याला पंधरा ते पंचवीस मेगाबिटचा अखंड प्रवाह लागतो. भारत सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या सुधारून किमान वेग दोन मेगाबिट केला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत जाळ्यावर ताण आला तेव्हा ओटीटी कंपन्यांना एकत्र येऊन मोबाइलवरील चित्र ४८० ओळींवर आणावे लागले होते. अशा देशात अतिसूक्ष्म चित्राचा थेट प्रवाह ही शहरांतील काही वस्त्यांपुरती चैन राहणार. उलट, चित्रपट आधी उतरवून घ्यायचा आणि नंतर पाहायचा, असे ठरवले तर हिशेब पार पालटतो. १८ गिगाबाइट उतरवायला दहा मेगाबिटच्या साध्या जोडणीवर चार तास लागतात. रात्री निजताना सुरू करावे, पहाटे चित्रपट घरात. सरकारी व्याख्येतले दोन मेगाबिट असले तरी वीस तास. म्हणजे शुक्रवारी रात्री मागवलेला चित्रपट शनिवारी संध्याकाळी लावता येतो. रेडरेच्या पेटीत नेमकी हीच युक्ती होती. ती पेटी महाग होती म्हणून युक्ती टाकाऊ ठरत नाही. एकदा उतरवलेला चित्रपट शंभर माणसांनी एकत्र बसून पाहिला तर वाटखर्च माणशी पैशांत येतो, हा आणखी एक फायदा. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांना हा हिशेब कोणी शिकवण्याची गरज पडली नव्हती.

केरळने या दिशेने एक पाऊल टाकले आहे आणि ते तेथे पडावे हा योगायोग नव्हे. जॉन अब्राहम यांच्या प्रेरणेने १९८४ मध्ये कोळिकोडला स्थापन झालेल्या ओडेसा या मंडळीने लोकांकडून वर्गणी गोळा करून 'अम्मा अरियान' हा १९८६ चा चित्रपट उभा केला आणि गावोगाव प्रक्षेपक नेऊन दाखवला. ज्या राज्यात फिल्म सोसायटी हा शब्द खेड्यातल्या माणसाला परका नाही, तेथील सरकारी चित्रपट विकास महामंडळाने ७ मार्च २०२४ रोजी 'सी स्पेस' नावाचा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. राज्य सरकारच्या मालकीचा असा हा देशातील पहिला मंच. त्यावर महिन्याची वर्गणी नाही. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ७५ रुपये, पाहाल त्याचे द्या. त्यातला अर्धा वाटा निर्मात्याचा. कोणते चित्रपट घ्यायचे ते लेखक बेन्यामिन, दिग्दर्शक श्यामाप्रसाद, छायाचित्रकार संतोष सिवन यांच्यासारख्या साठ जणांच्या मंडळावर सोपवले गेले. मंच सरकारी असल्याने सरकारची आवड-नावड त्यात डोकावणार, ही शंका रास्त आहे. निवडमंडळ साठ जणांचे केल्याने ती कमी होते, नाहीशी होत नाही. पण येथे निर्मात्याला पन्नास टक्के मिळतात हे मागाहून बदलणाऱ्या एखाद्या गुप्त गणिताने नव्हे, जाहीर नियमाने मिळतात. स्वतंत्र चित्रपटकाराच्या दृष्टीने हे बिंदूंच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचे आहे. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'वेव्हज्' हा मंच सुरू केला. पण तो वाहिन्या, बातम्या, जुन्या मालिका, खेळ अशा सगळ्यांचा बाजार आहे. त्या गर्दीत एकट्या चित्रपटकाराला कोपरा मिळेलही. दुकान मिळणार नाही.

महाराष्ट्राला दाराचा प्रश्न नवा नाही. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहात जागा मिळावी म्हणून रस्त्यावर उतरावे लागले होते. एप्रिल २०१५ मध्ये बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत असा आदेश राज्य सरकारने काढला आणि त्यावर पुरेसा गदारोळही झाला. दोन्ही प्रसंगी प्रश्न एकच होता: चित्रपट आहे, पडदा नाही. आजही फारसा पालट झालेला नाही. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. त्या मराठी चित्रपटाला सप्टेंबरमध्ये भारतातील चित्रगृहांपर्यंत नेण्यासाठी तेलुगू चित्रपटसृष्टीतील राणा दग्गुबाती यांची संस्था पुढे आली. दग्गुबातींचे आभारच मानले पाहिजेत. पण मराठी वितरणाचे हे दारिद्र्य झाकून राहत नाही. आणि ज्यांना सनडान्सला पारितोषिक मिळाले नाही त्यांच्याकडे कोण येणार?

परदेशस्थ मराठी प्रेक्षकांचा विचार केला तर ही उणीव अधिकच जाणवते. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ काम करीत आहे; लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर त्याहून कितीतरी जुने. तेथील घरांत मोठे फोर-के संच आहेत, वेगवान जोडण्या आहेत, तिकिटाचे पैसे देण्याची तयारी आहे. चांगला नवा मराठी चित्रपट उत्तम प्रतीत कोठे मिळेल, या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर नाही. गिऱ्हाईक दारात आणि माल घरात असूनही दुकान नसावे, असा हा प्रकार.

राज्य सरकार मराठी चित्रपटाला दर्जानुसार लाखो रुपयांचे अनुदान देते. ते निर्मितीसाठी असते. चित्रपट तयार झाला, परीक्षण झाले, रक्कम अदा झाली, की फाइल बंद. ज्या करदात्याच्या पैशाने ते अनुदान दिले त्याला चित्रपट पाहायला मिळाला की नाही, हे विचारण्याची तरतूद या व्यवस्थेच्या मुळाशी नाही. गोरेगावला चित्रनगरी चालवणारे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ १९७७ पासून अस्तित्वात आहे. केरळच्या महामंडळाने जे केले ते या महामंडळाला अशक्य असण्याचे कारण नाही. उलट मुंबईतील तंत्रज्ञांचा शेजार लाभलेला असल्याने ते अधिक चांगले करता यावे. अतिसूक्ष्म चित्र, उतरवून घेण्याची सोय, पाहाल त्याचे पैसे, आणि निर्मात्याला दर महिन्याला उघड हिशेब, एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ झाले. किती जणांनी पाहिला, कोणत्या जिल्ह्यात पाहिला, कोठे अर्ध्यावर सोडला, ही माहिती आज खाजगी मंच आपल्यापाशी ठेवतात आणि तिच्याच बळावर पुढचा भाव ठरवतात. ती निर्मात्याच्या हाती पडली तर त्याच्या पुढच्या चित्रपटाचे अंदाजपत्रक तरी अंदाजापलीकडे जाईल.

महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी व्याख्यानमालेपुरते सभागृह आहे. पडदा, प्रक्षेपक आणि रात्रभर चालणारी जोडणी तेथे बसवली तर महिन्यातून दोन चित्रपट दाखवता येतील. त्याला कायद्याची आडकाठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी ओटीटीवर पाहायच्या चित्रपटाला सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट नाही, पण जाहीर प्रदर्शन म्हटले की प्रमाणपत्र हवे आणि राज्याच्या १९५३ च्या सिनेमा नियमन कायद्याखालील परवानाही हवा. तो कायदा ज्वालाग्राही फिल्मच्या आणि प्रक्षेपणगृहातील आगीच्या धास्तीच्या काळातला. साठ खुर्च्यांच्या ग्रंथालयाला त्याच मापाने मोजण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही. ही दुरुस्ती विधिमंडळाच्या एका अधिवेशनात होऊ शकते; तिला केंद्राची वाट पाहावी लागत नाही.

अनुदानाच्या करारात एक कलम घालण्याला तर विधिमंडळाचीही गरज नाही. अनुदान घेतलेल्या चित्रपटाची मूळ अतिसूक्ष्म प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवावी आणि चित्रगृहांतील प्रदर्शनानंतर ठरावीक मुदतीने, समजा तीन वर्षांनी, तो सार्वजनिक मंचावर सशुल्क खुला व्हावा. मालकी निर्मात्याचीच राहावी. मोठ्या कंपनीशी आधीच सौदा झालेले निर्माते याला हरकत घेतील. त्यांना अनुदान नाकारण्याची मोकळीक आहेच.